सुनेचं मत आणि माझं भाषांतर

माझी सून अमेरिकन आहे आणि तिला मराठी मी शिकवलं. हे मी पूर्वी फार अभिमानाने सांगत असे. आता सांगताना जीभ जरा अडखळते, कारण ऐकणाऱ्याला पुढची हकीकत ठाऊक असेल का, अशी शंका मनात येते. आमच्या पंचक्रोशीत ती बहुतेकांना ठाऊक आहे.

तासगावच्या पुढे, द्राक्षबागांच्या पट्ट्यात आमचं गाव आहे. माझं माहेर लोणंदचं. लग्न होऊन इकडे आले आणि गावच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवत निवृत्त झाले. गावातल्या चाळिशी-पन्नाशीपर्यंतच्या जवळजवळ प्रत्येकाकडून मी कधी ना कधी क्रियापदांची रूपं पाठ करून घेतली आहेत. सगळे मला बाई म्हणतात. आमचे हे फौजेतून सुभेदार होऊन आले, म्हणून त्यांना सगळे सुभेदार म्हणतात. आम्हा दोघांना नावाने हाक मारणारं गावात कुणी उरलेलं नाही.

मुलगा अमेरिकेत नोकरीला गेला आणि तिथल्याच मुलीशी त्याने लग्न केलं. ती एका डोंगराळ भागातली, कोळशाच्या खाणींच्या गावातली. तिचे वडील खाणीत कामाला होते. लग्नानंतर तिने आपणहून मराठी शिकायचं म्हटलं आणि दर रविवारी आमचा व्हिडिओवर तास सुरू झाला. तिची सकाळ, माझी संध्याकाळ. 'ळ' तिला कधीच जमला नाही, पण क्रियापदं ती माझ्या शाळेतल्या कुठल्याही पोरापेक्षा लवकर शिकली. मी शेजारणीला सांगायचे, "आमच्या सुनेला रीती वर्तमानकाळ आला." शेजारीण म्हणायची, "मंग सैपाक येतो का न्हाई?"

गेल्या वर्षी जानेवारीत ती आमच्याकडे आली. मुलाला रजा मिळायला वेळ होता. लोणंदला माझ्या भाचीचं लग्न होतं, त्याला तो थेट येणार होता. ही आधी आली, आमच्याजवळ राहायला, मराठी बोलायला. आल्या आल्या तिने शेजारणीच्या चुलीपुढे ठाण मांडलं आणि माझं शुद्ध मराठी बाजूला ठेवून 'व्हय' आणि 'लय' शिकून घेतलं. सुभेदार खूश. मी थोडी नाराज, पण कौतुकही वाटायचं.

त्या हंगामात बागांची दशा वाईट होती. घड तयार होत आले तेव्हा अवकाळी पाऊस झाला, मग ढग बसून राहिले. मणी तडकले, घड कुजायला लागले. बागेत शिरलं की आंबूस वास यायचा. शेजारणीची बाग तर निम्म्याहून जास्त गेली होती. ती मूळची पार पूर्वेकडची, जतकडची. तिच्या माहेरी मेंढरं होती. कोरड्या मुलखातून येऊन तिने नवऱ्याच्या बरोबरीने ही बाग उभी केली होती, आणि आता ती पाण्यानेच गेली होती. ती फार बोलत नसे. कात्री घेऊन सकाळी बागेत जायची, खराब मणी काढत बसायची.

अशात एका सकाळी सुभेदारांनी बातम्या लावल्या. अमेरिकेत नवं सरकार आलं होतं आणि पहिल्याच दिवशी त्यांनी जाहीर केलं होतं की हवामानाच्या पॅरिस करारातून आम्ही बाहेर पडतो. दुसऱ्यांदा. एकदा बाहेर पडून ते परत आत आले होते, आता पुन्हा बाहेर. पडद्यावर चार माणसं एकाच वेळी ओरडत होती.

सुभेदारांनी सुनेकडे पाहून विचारलं, "हे काय गं तुमच्या सरकारचं? सही केली म्हंजे केली की. मागं फिरायचं असतंय व्हय?"

तिने चहाचा कप दोन्ही हातांत धरला होता. म्हणाली, "माझे बाबा आज खूश असतील."

एवढंच. मी तिच्या 'असतील'कडे लक्ष दिलं. भविष्यकाळाचं रूप बरोबर वापरलं म्हणून 'शाबास' म्हटलं. ती हसली नाही.

दोन दिवसांत ही बातमी आमच्या गावात वेगळ्याच रूपात फिरायला लागली. त्याला कारण माझा एक विद्यार्थी. शाळेत असताना वक्तृत्वात पहिला यायचा, आता ग्रामपंचायतीत विरोधी गटाचा सदस्य आहे आणि स्वतःची बाग आहे. त्याचीही बाग पावसात सापडली होती. त्याने चहाच्या हॉटेलात जाहीर केलं की सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत आपल्या गावाने अमेरिकेच्या निषेधाचा ठराव करायचा. काही जण हसले, काही जणांना ते एकदम पटलं. तो आमच्या घरी आला आणि अंगणातूनच म्हणाला,

"बाई, ग्रामसभेला वैनींस्नी घिऊन या. आमाला इचारायचंय त्यास्नी. तुमी सांगा मराठीतनं."

"तिला मराठी येतं," मी म्हणाले.

"येतंय ओ, पण ह्यो इषय मोठा हाय. तुमीच पायजे."

'तुमीच पायजे' हे ऐकून मला किती बरं वाटलं ते आता लिहिताना कानकोंडं व्हायला होतं. निवृत्त झाल्यापासून माझ्या इंग्रजीची गरज कुणाला पडली नव्हती. मी सुनेला विचारलं, तर ती जरा घुटमळली. म्हणाली, "ते मला रागावतील?"

"छे गं. पाहुणीला कोण रागावतं? मी आहे ना," मी म्हणाले, आणि साडीला इस्त्री करायला घेतली.

सव्वीस तारखेला झेंडावंदन झालं, मुलांना जिलेबी वाटून झाली आणि मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात ग्रामसभा भरली. पुढे सरपंच आणि ग्रामसेवक, बायका डाव्या बाजूला, तरुण पोरं मागे खांबांना टेकून. एरवी ग्रामसभेला कोरमची मारामार असते. त्या दिवशी अमेरिकेची सून येणार म्हणून मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. सुभेदार पुढच्या रांगेत ताठ बसले. मी आणि सून सरपंचांच्या बाजूला खुर्चीवर.

नळाचं पाणी, गटार, दिवाबत्ती हे विषय भरभर उरकले. मग माझा विद्यार्थी उठला. छान बोलला. म्हणाला, "जगातल्या सगळ्या देशांनी मिळून शब्द दिला हुता की हवा बिघडवायची न्हाई, धूर कमी करायचा. ज्यानं सगळ्यात जास्त धूर केला, त्योच म्हणतोय, मी चाललो. आपण कुणाकडं बघायचं? आपल्या बागंत पाऊस कवा येतोय, कवा जातोय, कुणाला कळंना झालंय. म्हणून ह्या ग्रामसभेनं निषेध करावा, आन् ठराव त्यांच्या वकिलातीला धाडावा."

टाळ्या पडल्या. ग्रामसेवक बिचारा उठून म्हणाला, "हा विषय ग्रामपंचायतीच्या अधिकारात बसत नाही."

"निषेधाला अधिकार कशाला लागतोय?" मागून कुणीतरी म्हणालं, आणि मंडप हसला.

सरपंचांच्या गटातले एक ऊसवाले आजोबा काठी टेकत उभे राहिले. "आरं, अमेरिकेचं सोडा. आपल्या शिवारात ऊस तुटला की रानात उरलेला वाळका पाला, पाचट, कोण पेटवतंय? मी पेटवतो, तू पेटवतोस. काळा धूर पार तासगावपातूर जातोय. आदी आपल्या काडीपेटीचं बोला."

"आमच्या काडीपेटीची आन् त्यांच्या कारखान्यांची बरोबरी करता व्हय?" विद्यार्थी उसळला.

"बरोबरी न्हाई गड्या. पण निषेध करणाऱ्याच्या हातात काडी असू ने, एवढंच म्हणतोय मी."

मग दोन्ही बाजूंनी जुंपली. कुणी म्हणालं, अमेरिका गेली तर आपणही बाहेर पडावं, एकट्याने बंधनं का पाळायची. कुणी म्हणालं, शेजाऱ्याने नळ उघडा टाकला म्हणून आपणही टाकायचा का. एका माजी सैनिकाने, तो शांतिसेनेतून मोठ्या देशांच्या फौजांबरोबर परदेशात राहून आला होता, शांतपणे सांगितलं की मोठा देश उठून गेला की बाकीचे गप्प बसतात, हे त्याने डोळ्यांनी पाहिलंय. खरं सांगायचं तर टीव्हीवरच्या चौघांपेक्षा आमच्या मंडपात बरी चर्चा झाली. मला गावाचा अभिमान वाटत होता. मी मधून मधून सुनेच्या कानाशी इंग्रजीत सांगत होते आणि लोक मी सांगतेय ते पाहत होते, हेही मला जाणवत होतं.

शेवटी सरपंच म्हणाले, "आता पाहुण्यांनाच विचारू. तुमचा देश का बाहेर पडला?"

तिने उभं राहून इंग्रजीत सांगितलं. तिच्या देशात निम्म्या लोकांना वाटतं की या करारामुळे त्यांची कामं गेली, कारखाने दुसऱ्या देशांत गेले. निम्म्यांना वाटतं की करार मोडणं लाजिरवाणं आहे. घराघरांत यावरून भांडणं आहेत. मी हे वाक्यागणिक मराठीत सांगितलं, चांगलं सांगितलं. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "बाई, तुमी हुता म्हणून कळलं." मी मान लववली.

तेवढ्यात मागच्या खांबापाशी बसलेल्या एकाने विचारलं, "वैनींनी सोता मत कुणाला दिलं?"

सरपंच म्हणाले, "असं विचारत नसतात. मत गुप्त असतं."

'मत' हा शब्द तिला येत होता. तिने माझ्याकडे पाहिलं. मी हळूच इंग्रजीत म्हणाले, उत्तर द्यायची गरज नाही, बस खाली. ती म्हणाली, नाही, त्यांनी एवढं सगळं मोकळेपणाने सांगितलं, मी लपवणार नाही.

आणि तिने उत्तर दिलं. तिने जिंकलेल्या माणसाला मत दिलं होतं. तो करारातून बाहेर पडणार हे तो प्रचारातच सांगत होता, ते तिला माहीत होतं. वडिलांची खाण बंद झाली, गावातली दुकानं बंद झाली, वडील दिवसभर पोर्चमध्ये बसून राहायला लागले. खाण पुन्हा उघडेल असं तो माणूस म्हणाला, म्हणून तिने मत दिलं. हवामानाच्या कराराचा तिने फार विचार केला नव्हता. इथे येऊन बागा पाहिल्यावर केला. हे सगळं ती सावकाश, साध्या इंग्रजीत, माझ्याकडे न बघता लोकांकडे बघून बोलली.

मला हे माहीत नव्हतं. मुलानेही कधी सांगितलं नव्हतं. समोर शेजारीण बसली होती, कात्रीने हाताला घट्टे पडलेली. समोर अख्खं गाव होतं. आमच्या घरातलं माणूस, सुभेदारांची आणि बाईंची सून, असं मत देऊन आलेली. मी विचार केला असं म्हणता येणार नाही. विचार करायला वेळ लागतो. माझं तोंड आपोआप उघडलं आणि मी खणखणीत आवाजात म्हणाले,

"ती म्हणते, आमच्याकडेही मत गुप्त असतं. तिने आपल्या मनाला पटेल तसं मत दिलं. आणि जे झालं त्याचं तिला फार वाईट वाटतं."

मला आधी वाटलं, माझ्या उत्तराने सगळ्यांचं समाधान झालं. मग माझी नजर मागच्या खांबांकडे गेली. तिथली सगळी पोरं, माझी पोरं, ज्यांना मी भूतकाळ आणि पूर्ण भूतकाळ शिकवला होता, ती सगळी खाली बघत होती. एक जण पायातल्या चपलेशी चाळा करत होता. माझा वक्तृत्ववाला विद्यार्थी हातातल्या कागदाची उगाच घडी घालत होता. कुणीही माझ्याकडे पाहत नव्हतं.

त्यांना सगळं कळलं होतं. ती बोललेला शब्द न् शब्द. मीच तर शिकवलं होतं त्यांना.

त्यांच्यातल्या एकाने जरी उठून 'बाई, चुकलं' म्हटलं असतं तरी मला सुटल्यासारखं झालं असतं. पण ते माझा मान राखत बसले होते. तसा मान माझ्या शत्रूलाही मिळू नये.

तेवढ्यात माझ्या शेजारून आवाज आला. मराठीत.

"आई, मी असं नाही बोलले."

ती माझ्याकडे बघत होती. रागाने नाही, गोंधळून, जणू आमच्या रविवारच्या तासाला मी फळ्यावर चुकीचं रूप लिहिलं होतं. मग ती लोकांकडे वळली आणि तुटक तुटक म्हणाली,

"मी, जे जिंकले, त्यांना मत दिलं. मला माहीत होतं, ते करार सोडणार. माझे बाबा खाणीत होते. खाण बंद. बाबा घरी. मला वाटलं, खाण उघडेल. तुमच्या बागा मला माहीत नव्हत्या." थोडं थांबून तिने शेजारणीने शिकवलेला शब्द जोडला, "लय वाईट वाटतं, हे पण खरं. ते आईंनी बरोबर सांगितलं."

माझी बाजू सांभाळायचा तो प्रयत्न होता. त्याने मी आणखीच खाली गेले.

मग बायकांच्या बाजूने शेजारीण उठली. इतक्या वर्षांत तिला ग्रामसभेत बोलताना कुणी पाहिलं नव्हतं. तिचा आवाज कापत होता. "पोरी, तुज्या बापाची खाण उघडंल न्हाईतर न्हाई. माजी बाग तर गेली. तुला चुलीपुढं बसवून भाकरी शिकवली म्या. आता तुज्या तोंडाकडं कसं बगू, तूच सांग."

बोलणं भरभर झालं, सुनेला सगळं कळलं नाही. तिने मला विचारलं, त्या काय म्हणाल्या?

सगळा मंडप आता माझ्याकडे बघत होता. मघाशी खाली असलेल्या माना वर आल्या होत्या. इंग्रजी येणारे सगळे ऐकायला बसले होते, बाई आता काय सांगतात ते. मी सांगितलं. एकही शब्द गाळला नाही. माझ्या सुनेला, तिच्या तोंडावर, त्या बाईचं दुखणं जसंच्या तसं सांगितलं, आणि माझा आवाज त्या शेजारणीपेक्षा जास्त कापत होता. जे काम मी आधी करायला हवं होतं ते आता पहाऱ्यात करत होते.

सुनेने ऐकून घेतलं. शेजारणीकडे बघून म्हणाली, "व्हय." आणि खाली बसली.

चर्चा तिथेच थांबली असती, पण ऊसवाले आजोबा म्हणाले, ठराव करायचाच तर दोन कलमी करा, अमेरिकेचा निषेध आणि आपल्या गावात पाचट न पेटवण्याचा निर्धार. माझ्या विद्यार्थ्याने ते मानलं. सरपंचांनी हात वर करायला सांगितलं. सुभेदारांचा हात परेडमध्ये वर जावा तसा गेला. सुनेने ग्रामसेवकाला विचारलं, मी करू शकते का? तो ओशाळून म्हणाला, "तुमचं नाव इथल्या यादीत नाही, वैनी." माझं नाव यादीत होतं. माझा हात मांडीवरच राहिला. कशाच्या बाजूने हात वर करायचा मला हक्क आहे, तेच मला कळत नव्हतं. ठराव मंजूर झाला.

घरी येताना सुभेदार माझ्यापुढे चार पावलं चालत होते. दारात चपला काढताना म्हणाले, "मला इंग्रजी कमी कळतंय. पण तू खोटं सांगितलंस हे मला तुज्या आवाजावरनंच कळलं हुतं. पोरीला तोंडघशी पाडलंस."

"तिला वाचवायला गेले मी," मी म्हणाले.

"तिला न्हाई," ते म्हणाले आणि आत गेले.

दुपारी सून स्वयंपाकघरात आली. मी उगाच डबे पुसत होते. ती इंग्रजीत बोलेल असं मला वाटलं होतं, भांडायचं तर माणूस आपल्या भाषेत भांडतं. पण ती मराठीतच बोलली, शब्द शोधत.

"आई, तुम्हाला माझी लाज वाटली?"

खोटं बोलायची तिसरी संधी होती. नाही गं, असं म्हणणं किती सोपं होतं.

"वाटली," मी म्हणाले. "त्या क्षणी वाटली. आता माझीच वाटतेय."

ती ओट्याला टेकली. मग म्हणाली, "माझ्या बाबांना पण माझी लाज वाटेल. मी इथे म्हटलं, मला वाईट वाटतं. ते म्हणतील, तू आमच्या विरुद्ध बोलली." तिचे डोळे भरून आले. "मी कुठे पण बरोबर नाही."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने ठेवू दिला, पण जवळ आली नाही. तेवढंच माझ्या वाट्याला यायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती मला न सांगता शेजारणीच्या बागेत गेली. शेजारणीने तिला या म्हटलं नाही आणि जा म्हटलं नाही. तिने एक कात्री उचलली आणि पलीकडच्या ओळीत घडातले कुजके मणी काढायला लागली. हे मला नंतर शेजारणीनेच सांगितलं. तिसऱ्या दिवशी शेजारणीने तिला भाकरी दिली. पूर्वीसारखं चुलीपुढे मात्र बसवलं नाही. बांधावर दिली, मजुराला देतात तशी. सून ती खाऊन पुन्हा ओळीत गेली.

त्याच आठवड्यात मला दुकानापाशी माझा विद्यार्थी भेटला. मी त्याला टाळून जाणार होते, पण त्याने वाकून नमस्कार केला. मी न राहवून विचारलं,

"तुम्हाला सगळ्यांना कळलं होतं ना? ती बोलली तेव्हाच?"

"व्हय बाई."

"मग कुणी बोललात का नाही?"

तो अवघडला. "तुमी बाई हाय. तुमचं चुकलं म्हणून कसं सांगायचं? आन्..." तो थांबला. "आमाला वाटलं, तुमी सोताच दुरुस्त कराल. वर्गात करायचा की. फळ्यावर चुकलं तर पुसून परत लिहायचा."

मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. मग घराकडे वळले.

पुढे मुलगा आला आणि आम्ही सगळे लोणंदला लग्नाला गेलो. माझ्या भावाच्या घरात पाहुण्यांची गर्दी. भाऊ रेल्वेतून निवृत्त झालेला, राजकारणावर बोलायला त्याला कुठलंही निमित्त चालतं. त्याने हळदीच्या मांडवात सुनेसमोरच विषय काढला, "काय गं, तुमच्या लोकांनी तो करार मोडला. तू तरी त्या बाजूची नाहीस ना?"

मी तिथेच होते. मला सांगायला लाज वाटते, पण तेव्हाही माझ्या तोंडाशी आलं होतं, 'अरे, आधी चहा घे.' विषय फिरवायची सवय हाडात मुरलेली असते. मी ओठ आवळून बसले. तिने आपलं आपण सांगितलं, मराठीत, गावात सांगितलं होतं तेच, आता जरा सराईतपणे. भाऊ चकित होऊन माझ्याकडे बघायला लागला, मी काही सारवासारव करेन म्हणून. मी म्हणाले, "ती सांगते ते बरोबर आहे." मुलाने तेव्हा माझ्याकडे पाहिलं. त्याला ग्रामसभेचं बायकोकडून कळलेलं होतं. त्याने मला कधी काही विचारलं नाही, आजपर्यंत नाही. तो विचारत नाही याचाही मला त्रास होतो.

ते दोघं परत गेले. आमचे रविवारचे तास चालू आहेत, पण आता ती शिकते कमी आणि बोलते जास्त. तिच्या वडिलांची खाण उघडलेली नाही. एकदा तास चालू असताना ते तिच्या मागे उभे होते, मोठे, थकलेले, टोपी घातलेले. त्यांनी लेकीमार्फत विचारलं की तुमच्या गावात माझ्याबद्दल काय बोललं गेलं. मी थेट त्यांच्याशी इंग्रजीत बोलले आणि शेजारणीचं वाक्य त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकलं, टोपी काढून डोकं खाजवलं आणि म्हणाले, तिला सांगा, मला बागेबद्दल वाईट वाटतं, पण मला कामही हवंय. मी ते शेजारणीला तसंच सांगितलं. ती म्हणाली, "काम कुणाला नगं हाय?" आणि कोंबड्यांना दाणे टाकायला गेली.

ठरावाचं सांगायचं राहिलं. पाचटाचं कलम पहिल्या ऊसतोडीला काहींनी पाळलं, काहींनी नाही. आजोबांनी स्वतः पाळलं आणि ज्यांनी पेटवलं त्यांच्या बांधावर जाऊन उभे राहिले. निषेधाचं कलम वकिलातीला पाठवायचं होतं, म्हणजे इंग्रजीत करायला हवं होतं. गावात असं काही असलं की ते माझ्याकडे येतं, वर्षानुवर्षांची रीत आहे. मी रोज वाट बघत होते. कुणी आलं नाही.

मग एक दिवस गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तो इंग्रजी ठराव आला. पोरांनी मोबाईलवरच भाषांतर करून घेतलं होतं. वाचता वाचता मी चष्मा पुसला. पाचट या शब्दाचं भाषांतर कुठल्या तरी भलत्याच पाल्यापाचोळ्याचं झालं होतं, एक वाक्य अर्धवट होतं, आणि द्राक्षाचे घड वाचणाऱ्याला झुंबरं वाटावीत असे झाले होते. खाली अंगठ्यांची रांग लागली होती. सगळ्यांनी वाहवा केली होती.

मी दुरुस्त्या टाईप केल्या. पुसल्या. पुन्हा टाईप केल्या. शेवटी विद्यार्थ्याला फोन लावला.

"अरे, ते इंग्रजी जरा चुकलंय. मी नीट करून देऊ का?"

पलीकडे ट्रॅक्टर चालू असल्याचं ऐकू येत होतं.

"बाई," तो मग फार हळू आवाजात म्हणाला, "त्यो कवाच गेला की पोस्टानं."